ओढला की पळतो: रेसमधून आलेला घोडा आणि नवशिकी स्वार

मुंबईत घोडेस्वारी शिकायला गेलेल्याच्या वाट्याला जो घोडा येतो, तो बहुधा शर्यतीतून निवृत्त झालेला असतो. महालक्ष्मीचा रेसकोर्स १८८३ चा, त्यामुळे थरोब्रेड म्हणजे शर्यतीसाठी पैदास केलेल्या घोड्यांची या शहराला कधी वानवा नव्हती. घोडा दोन वर्षांचा झाला की पळायला लागतो. पाचव्या-सहाव्या वर्षी, पाय दुखावला तर त्याही आधी, तो मालकाला परवडेनासा होतो. मग एखाद्या रायडिंग शाळेत जागा मिळाली तर त्याचं नशीब थोर म्हणायचं. शाळेलाही देखणा, धडधाकट घोडा स्वस्तात पडतो. जुन्या मराठी फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा आणि बारगीराला सरकारी पागेतला मिळायचा. आमच्याकडे येतात ते जवळजवळ सगळे बारगीरच. पागेत जो उभा असेल त्याच्यावर बसायचं. त्याला आधी कुणी काय शिकवलंय, हे विचारायची पद्धत नाही.

ते न विचारल्यामुळे काय झालं, त्याची ही हकीकत. मी प्रौढ विद्यार्थ्यांना शिकवते. ही विद्यार्थिनी पडल्यानंतर माझ्याकडे आली. तिच्या परवानगीने लिहिते आहे, मात्र तिचं किंवा शाळेचं नाव देत नाही. घोड्याचं द्यायला हरकत नाही. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक इंग्रजी आहे, तबेल्यात सगळे त्याला टग्या म्हणतात. रंगाने कुमैत म्हणजे काळपट तांबडा, वय सात, तीन हंगाम पळालेला.

काय घडलं

विद्यार्थिनी ३८ वर्षांची. राहायला करी रोडला, नोकरी फोर्टात विमा कंपनीच्या ऑफिसात. डबे भरून, मुलाला उठवून सकाळी सव्वासहाला रिंगणावर हजर. घोड्याशी तिचा आधीचा संबंध माथेरानपुरता. दस्तुरी नाक्यापासून बाजारपेठेपर्यंत घोडेवाला दोरी धरून चालणार आणि आपण खोगिराचा पुढचा उंचवटा घट्ट धरून बसायचं. बऱ्याच मुंबईकरांची पहिली स्वारी अशीच असते आणि तिथली एक सवय ते इथे घेऊन येतात: भीती वाटली की हाताने काहीतरी आवळून धरायचं. माथेरानला हाताशी खोगीर असतं. इथे हातात लगाम असतो.

ऑक्टोबरात हंगाम सुरू झाला तेव्हा तिने नाव घातलं. डिसेंबरापर्यंत ती चालीवर आरामात बसायला लागली होती. दुडकीवर म्हणजे ट्रॉटमध्ये उठ-बसही जमायला लागली होती. तेवढ्यावर तिला पाच जणांच्या गटात टाकण्यात आलं. माझ्या मते ती घाई होती, पण रिंगण एकच, शिकणारे भरपूर आणि सकाळी ऊन तापायच्या आत सगळ्यांना उरकायचं, अशी शाळेची ओढाताण असते.

तो मंगळवार होता. सोमवारी घोड्यांना सुट्टी असते. सुट्टी म्हणजे मोकळं सोडणं नव्हे. मुंबईत घोड्याला हुंदडायला रान कुठून आणायचं? टग्या रविवार सकाळपासून आपल्या बॉक्समध्ये उभा होता आणि खुराक नेहमीचाच चालू होता, ओट, कोंडा, भिजवलेला हरभरा. गटात त्याचा नंबर शेवटून दुसरा. मुख्य प्रशिक्षकांनी नेहमीचा पाठ दिला: रांगेतल्या पहिल्याने लांब बाजूवर कँटर, म्हणजे दुडकीच्या वरची पळती चाल, करायचा आणि फिरून रांगेच्या शेपटाला येऊन लागायचं, मग दुसऱ्याने.

टग्याच्या पुढचा घोडा सुटला आणि टग्याही सुटला. तिने अजून काही सांगितलंही नव्हतं. पुढच्या काही सेकंदांचं वर्णन मला तिच्याकडून, घोड्याची निगा राखणाऱ्या सईसाकडून आणि गटातल्या एकाच्या मोबाइलमधून मिळालं, आणि तिन्हींत फरक नाही. तिचे गुडघे खोगिरावर आवळले गेले, टाचा वर चढल्या, अंग पुढे झुकलं, मुठी घोड्याच्या मानेपाशी गेल्या आणि लगाम ताणला गेला. रिंगणाच्या मधून सर ओरडत होते, “खींचो! पूरा खींचो!” तिने ओढलं. टग्याने मान खाली घालून लांब केली आणि पायांत आणखी जोर आणला. तिने आणखी ओढलं. दोन फेऱ्या अशा झाल्या. बाकीचे घोडे मध्यभागी उभे केले गेले. तिसऱ्या फेरीत टग्या फाटकापाशी आला, जिथून रोज परत जायचं असतं, आणि तिथे वळून थांबला. तो थांबला, ती नाही थांबली. त्याच्या उजव्या खांद्यावरून ती वाळूत गेली.

एक्स-रे स्वच्छ निघाला. खांद्याचे स्नायू दुखावले होते, डॉक्टरांनी दोन आठवडे विश्रांती सांगितली. हेल्मेट वरून साफ दिसत होतं, तरी ते टाकून द्यायला लावलं, कारण आतलं थर्माकोलसारखं अस्तर एकदाच दबतं आणि दुसऱ्या वेळी काही कामाचं राहत नाही. इथे कुरकुर होते, चांगलं हेल्मेट महाग असतं. तरी ते टाकायचंच, यावर माझं दुमत नाही.

ती दोन आठवड्यांनी आली नाही, सहा आठवड्यांनी आली. आली ती कपडे बदलून नव्हे, साडीत, ऑफिसला जाता जाता. म्हणाली, “मॅडम, हात बरा झालाय. पण मी एवढं ओढत होते तरी तो पळत का होता, हे कळल्याशिवाय मी बसणार नाही.”

इतका नेमका प्रश्न घेऊन विद्यार्थी क्वचितच येतो.

प्रत्येकाचं उत्तर वेगळं

सरांचं म्हणणं, ताकद कमी पडली. घाबरून तिने नीट ओढलंच नाही. हे मला पटेना, कारण तिच्या हातांचे फोटो तिच्या मोबाइलमध्ये होते. करंगळी आणि अनामिकेच्या बेचक्यात, जिथून लगाम मुठीत येतो, तिथली सालं निघाली होती. दोन्ही हातांना सारखीच. याहून जास्त ओढणं कुणाला जमणार? शिवाय ४५० किलोच्या जनावरासमोर ५८ किलोच्या बाईची ताकद ही मोजदादच चुकीची आहे. घोडा ताकदीने थांबत असता तर जॉकी पैलवान असते.

तिच्या नवऱ्याचं म्हणणं, घोडाच माथेफिरू आहे, असला घोडा शिकणाऱ्याला देतातच कसा. यात राग होता आणि तो रास्त होता. पण त्याच रविवारी टग्या एका शाळकरी मुलीला पाठीवर घेऊन, सैल लगामावर, मान खाली टाकून अर्धा तास चालला होता. ही सैल लगामाची गोष्ट मी मनात नोंदवून ठेवली.

सईस म्हणाला, “सोमवारचं खाऊन उभा होता ताई, मस्ती चढली.” हे खरं होतं. पण अर्धंच. मस्ती चढलेला घोडा का सुटला ते त्यातून कळतं. का थांबला नाही ते कळत नाही. मंगळवारी सगळेच घोडे ताजे असतात, त्या दिवशी बाकीचे चार थांबले होते.

आधी दुखणं पाहिलं

पळणाऱ्या घोड्याच्या बाबतीत शिकवण्या-वळवण्याची चर्चा करण्याआधी एक काम उरकायचं असतं, ते म्हणजे त्याला कुठे दुखतंय का हे पाहणं. घोडा दुखण्यापासून पळतो. पाठीवरचं दुखणं तर पाठीवरच राहतं, कितीही पळाला तरी.

तोंडापासून सुरुवात केली. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये रिकामी जागा असते, तिथे लगामाची लोखंडी काडी म्हणजे बिट बसतं. तिथे हाडावर पातळ कातडीखेरीज काही नसतं. तिथे जखम नव्हती, पण वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडांना धार आली होती आणि गालाच्या आतल्या बाजूला बारीक ओरखडे होते. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि चावून चावून विषम झिजतात, म्हणून वर्षाकाठी एकदा तरी ते कानशीने घासून घ्यावे लागतात. टग्याचं ते राहून गेलं होतं. डॉक्टरांकडून घासून घेतले.

मग खोगीर. रेसमधून आल्यापासून त्याची पाठ भरली होती आणि खोगीर तेच जुनं, अरुंद सांगाड्याचं. खांद्याच्या उंचवट्याखाली दोन्ही बाजूंना तळहात सरकवून पाहिला. डाव्या बाजूला बोटं सहज गेली, उजवीकडे अडकली. टग्याने कान मागे टाकले. रुंद सांगाड्याचं दुसरं खोगीर शोधलं.

हे दोन्ही दोष खरे होते आणि दुरुस्त करायलाच हवे होते. तरी माझी खात्री होती की फक्त एवढ्यावर हे निभावणार नाही. दातांची धार रविवारीही होती आणि रविवारी तो चालला होता.

टग्याचं शिक्षण

रेसच्या घोड्याची सकाळ उजाडायच्या आत सुरू होते. रायडिंग बॉय वर चढतो, रिकिबी म्हणजे पाय ठेवायच्या कड्या आखूड, पार्श्वभाग खोगिरापासून वर, वजन पुढे, हात मानेवर टेकवलेले, लगाम आखूड आणि ताणलेला. या ताणावर घोडा तोंड टेकवतो आणि त्याच्या आधाराने पळतो. कामगिरी संपली की स्वार रिकिबीत उभा राहतो, अंग मागे येतं, हातातला ताण हळूहळू जातो आणि घोडा मंदावतो. रोज, महिनोन् महिने, हेच. त्यातून बऱ्याच घोड्यांच्या डोक्यात एक साधा हिशेब पक्का बसतो: ताण आला, वजन पुढे आलं, की पळायचं, ताण गेला, अंग सरळ झालं, की कमी करायचं.

आता त्या मंगळवारची तिची बसण्याची तऱ्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणा. गुडघे आवळले की माणूस खोगिरातून वर उचलला जातो. वर उचलला की अंग पुढे झुकतं. टाच वर गेली की पोटरी आणि टाच घोड्याच्या बरगडीला लागते, म्हणजे पुढे जायची आणखी एक सूचना. मुठी मानेवर, लगाम ताणलेला. रेसकोर्सवरच्या कसलेल्या स्वाराचा पवित्रा एका घाबरलेल्या विमा कर्मचाऱ्याने, नकळत, हुबेहूब घेतला होता. टग्याने सांगितलेलं ऐकलं. सरांनी ओरडून ओरडून तिला नेमकं तेच जास्त करायला सांगितलं, आणि त्याने ते जास्त ऐकलं.

दुसरी एक गोष्ट कुठल्याही घोड्याला लागू आहे, रेसचा असो वा नसो. सलग ओढून धरलेला लगाम म्हणजे घोड्याला टेकायला दिलेली भिंत. त्याची मान आणि जबडा त्यावर रेलतो आणि स्वार जेवढा ओढतो तेवढा तोही ओढतो. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटण्याने शिकतो. बरोबर वागला त्या क्षणी, एका सेकंदाच्या आत, हात सैल झाला तर त्याला कळतं की हेच हवं होतं. सुटलाच नाही तर त्या ओढण्याला काही अर्थ उरत नाही, ती फक्त तोंडातली कटकट होते. म्हणून थांबवायचं तर ओढ-सोड, ओढ-सोड. तेही श्वास सोडत, पाठ सरळ ठेवून, आणि जमल्यास गोल वळवत, कारण वर्तुळात घोड्याला वेग टिकवणं जड जातं.

तिसरी गोष्ट कँटरची. शर्यतीत पळालेल्या घोड्याला सरळ आणि लांब वळणावर पळायची सवय. साठ-सत्तर पावलांच्या रिंगणाच्या कोपऱ्यात त्याचा तोल जातो आणि तोल गेला की तो वेग वाढवून सावरतो. सायकल शिकताना आपलंही तेच व्हायचं. बघणाऱ्याला वाटतं मस्ती करतोय. तो पडू नये म्हणून धडपडत असतो.

हे सगळं मी तिला रिंगणाच्या कडेला बाकावर बसून सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे मी त्याला पळ सांगत होते.”

“तुम्ही सांगत होता, सर सांगत होते, सगळेच सांगत होते.”

“आणि हे मला पहिल्या दिवशी कुणी का नाही सांगितलं?”

या प्रश्नाला शाळेच्या वतीने देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

जमिनीवरून सुरुवात

पहिल्या दिवशी घोडा बाहेर काढलाच नाही. एक रिकामा लगाम घेतला. बिटाची दोन टोकं मी दोन मुठींत धरून डोळे मिटले आणि लगामाची मागची बाजू तिच्या हातात दिली. तिला म्हटलं, मला चालवा, वळवा, थांबवा, तोंडाने बोलायचं नाही. तिने उजवीकडे वळवलं ते मला खांद्यापर्यंत कळलं. मग अदलाबदल केली. ती घोडा झाली, मी स्वार. मी दोन बोटं मिटली आणि उघडली. ती थांबली. डोळे मिटलेलेच होते. म्हणाली, “एवढंच?” पुन्हा अदलाबदल केली तेव्हा तिचे हात निम्म्याने हलके झाले होते. एवढा परिणाम करणारा दुसरा पाठ मला माहीत नाही आणि याला घोडा लागत नाही, जागा लागत नाही, पैसे लागत नाहीत. तरी तो फारसं कुणी घेत नाही, कारण विद्यार्थ्याला वाटतं, फी घोड्यावर बसायची भरली आहे.

मग लांब दोरीवरचं काम. यासाठी टग्या नको, एक म्हातारी, थंड डोक्याची घोडी होती ती घेतली. दोरी माझ्या हातात, घोडी माझ्याभोवती गोल फिरतेय, वेग मी सांभाळणार. तिच्या हातात लगाम नाहीच. घोडीच्या गळ्यात रिकिबीचा एक जादा पट्टा अडकवून ठेवला होता: घाबरलात तर हा धरा. तिने पहिल्या दिवशी तो सोडलाच नाही. सोडायला सांगितलंही नाही. भीतीत हात काहीतरी धरणार, हे गृहीतच धरायचं. फक्त जे धरलं जाईल ते घोड्याच्या तोंडाला जोडलेलं नसावं.

आधी चालीवर: हात कमरेवर, हात बाजूला पसरून, एक हात वर करून मागे वळून पाहणं. मग रिकिबी काढून. रिकिबीशिवाय गुडघा आवळून बसता येत नाही, दोन मिनिटांत मांड्या भरून येतात आणि पाय नाइलाजाने लांब सुटतो. पाय लांब सुटला की माणूस खोगिरात खोल बसतो. शाळाशाळांतून दिवसभर “टाच खाली!” अशी आरोळी ऐकू येते. ती सूचना चूक नाही, पण टाच नुसती दाबून खाली जात नाही. कंबर आणि गुडघा सैल सुटला की ती आपोआप उतरते. मांड पक्की व्हायला ताकद लागते त्यापेक्षा सैलपणा जास्त लागतो, आणि ३८ वर्षांच्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या कमरेला तो यायला वेळ लागतो. लहान मुलं आठवड्यात शिकतात ते मोठ्यांना महिना घेतं. शिकवणाऱ्याने हे मान्य करून टाकलेलं बरं.

दुडकी दोन ठोक्यांची असते, एक-दोन, एक-दोन, त्यामुळे तोंडाने मोजत उठ-बस करायला लावलं. मोजणारा माणूस श्वास रोखून धरू शकत नाही, हा त्यातला खरा फायदा. ती आकडे मोजता मोजता मध्येच लोकलची स्टेशनं म्हणायला लागली. करी रोड, चिंचपोकळी, भायखळा, सँडहर्स्ट रोड, मशीद. घोडीला काही फरक पडला नाही. मला फार बरं वाटलं, कारण घाबरलेल्या माणसाला विनोद सुचत नाही.

थांबणं आम्ही वेगळं घोटलं. चालीवरून थांब, पुन्हा चाल, पुन्हा थांब. आधी श्वास सोडायचा, मग पाठ ताठ, मग बोटं मिटायची, घोडी थांबली त्याच क्षणी बोटं उघडायची. सगळ्यात कठीण भाग शेवटचा. ओढायचं कसं हे सगळ्यांना येतं. सोडायचं धाडस यायला वेळ लागतो, कारण मन सांगत असतं की सोडलं तर जाईल.

टग्याचा नवा पाठ

हे चालू असताना टग्याला एका अनुभवी स्वाराच्या हाती दिलं होतं. लोक हा भाग विसरतात. विद्यार्थ्याला सुधारायचं आणि घोडा होता तसाच ठेवायचा, मग दोघांना पुन्हा एकत्र बसवून बघायचं की काय होतं. याला शिकवणं म्हणत नाहीत.

टग्याला पायाची सूचना जवळपास ठाऊकच नव्हती. आखूड रिकिबीत बसणाऱ्याचा पाय घोड्याच्या पोटाला लागतच नाही. त्यामुळे पोटरी नुसती लागली तरी तो दचकून पुढे उडी घ्यायचा. रोज वीस मिनिटं चाल, थांब, चाल, दुडकी, चाल. मोठी वर्तुळं दोन्ही बाजूंनी. त्याची एक बाजू साफ ताठ होती, तिकडे वळायचं म्हटलं की खांदा बाहेर टाकायचा. तोंडाने “होऽऽ” म्हणायचं, मग बोटं मिटायची, आणि तो किंचितही मंदावला तर लगाम लांब सोडून द्यायचा. ताण म्हणजे पळ, हे पुसून टाकता येत नाही. त्याच्यावर दुसरं काही लिहायला लागतं आणि तेही रोज गिरवावं लागतं. सोमवारी संध्याकाळी त्याला दोरीवर वीस मिनिटं फिरवायचं आणि सुट्टीच्या दिवशी खुराकातला दाणा कमी करून गवत वाढवायचं, हे सईसाने स्वतःहून मनावर घेतलं.

शाळेतल्या मुलांचे पालक अजून मला हांगझोऊच्या पदकाबद्दल विचारतात. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या हालचाली करवून घेण्याच्या प्रकारात, सांघिक सुवर्ण मिळवलं, त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. अभिमानाची गोष्ट आहे. पण त्या संघातल्या मुलांनी युरोपात राहून, तिथल्या घोड्यांवर वर्षानुवर्षं तयारी केली होती. आपल्याकडे पहिल्या महिन्यातल्या विद्यार्थ्याखाली आणि शर्यतीतून नुकत्याच आलेल्या घोड्याखाली वाळू तेवढी एकच असते.

एप्रिलपर्यंत

महालक्ष्मीच्या मोठ्या शर्यतीचा, डर्बीचा, फेब्रुवारीतला पहिला रविवार झाला, त्याच्या पुढच्या आठवड्यात ती पुन्हा टग्यावर बसली. बुधवारी, मंगळवारी नाही. एकटी, गट नाही. गळ्यात पट्टा होताच. चाल आणि दुडकी एवढंच. एका कोपऱ्यात रस्त्यावरच्या मिक्सर ट्रकचा दणका झाला आणि टग्या दोन उड्या पुढे गेला. तिचं अंग पुढे झुकलं. मी श्वास रोखला, तोंड मात्र बंद ठेवलं. तिचा एक हात गळपट्ट्यावर गेला, दुसऱ्याची बोटं मिटली, उघडली, मिटली. “होऽऽ” तिचं तिलाच ऐकू आलं असेल एवढं हळू. टग्या चालीवर आला. तिने लगाम सोडून दिला, पार टोकापर्यंत, आणि त्याने मान लांब करून नाक फुरफुरवलं.

कँटर तिने मार्चमध्ये केला, घोडीवर, वर्तुळात, पाच-सहा पावलं आणि पुन्हा दुडकी. टग्यावर एप्रिलमध्ये, कोपऱ्यातून बाहेर पडताना. चांगला झाला. दुसऱ्यांदा केला तो वाईट झाला, मुठी पुन्हा मानेवर गेल्या, त्याने वेग घेतला आणि तिने त्याला वर्तुळात वळवून आणला. तिच्या मते तो दुसराच जास्त कामाचा होता. मलाही तसंच वाटतं.

गटात ती अजून जात नाही. पुढचा घोडा सुटला की तिच्या पोटात गोळा येतो, हे ती सरळ सांगते, आणि त्यासाठी तिला घाई करण्याचं मला काही कारण दिसत नाही. अडचण पैशांची आहे. एकटीचा तास गटाच्या तासापेक्षा कितीतरी महाग पडतो आणि विमा कंपनीच्या पगारात घराचे हप्ते भरून तो आठवड्यातून एकदाच परवडतो. आठवड्यातून एकदा बसणाऱ्याचं शरीर पुढच्या वेळेपर्यंत अर्धं विसरतं. यावर उपाय म्हणून दोघी विद्यार्थिनी मिळून एक तास आणि मधल्या दिवशी एकदा फक्त जमिनीवरचं काम, अशी तोड काढली. जमिनीवरच्या कामाची फी लावू नये, यावर शाळेशी बरीच घासाघीस झाली.

सरांशी माझा वाद संपलेला नाही. ते म्हणतात, शिकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून लगामाने थांबवता आलंच पाहिजे. रिंगणाला लागून रस्ता आहे, उद्या घोडा फाटकाबाहेर गेला तर तू तुझी दोन बोटं मिटत बसणार का? यात तथ्य आहे. तातडीच्या वेळी एक हात मानेवर घट्ट रोवून दुसऱ्याने जोरात वर-मागे ओढायचं आणि सोडायचं, हे मीही शिकवते, पण मांड बसल्यावर. मांड नसलेल्या माणसाला ते शिकवलं तर तो पहिला ओढेल आणि सोडायचं विसरेल. एवढ्यावर मात्र आमचं एकमत झालं की मधून “खींचो” ओरडायचं नाही, “छोडो, फिर पकडो” म्हणायचं. सर विसरतात. मग गटातलंच कुणीतरी त्यांना आठवण करून देतं.

पावसाळ्यात वाळूत पाणी साचतं आणि तास निम्मे होतात. त्या काळात करायचं म्हणून तबेल्याच्या फळ्यावर प्रत्येक घोड्याच्या नावापुढे तीन रकाने आखले: आधी कुठे होता, ताण लागला की काय करतो, कुठल्या दिवशी कुणाला द्यायचा नाही. टग्याची ओळ भरली आहे. जूनमध्ये दोन नवे घोडे आले, दोन्ही रेसमधले. त्यांचे रकाने भरेपर्यंत त्यांच्यावर विद्यार्थी बसवायचा नाही, असं ठरलंय.